एवढं सगळं मोजायचं ते कशासाठी?

पत्राचा गोषवारा, ओळख पटेल असे तपशील वगळून:

तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या ४७ वर्षांच्या एका ताईंचं हे पत्र आहे. दीड वर्षापूर्वी त्यांच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि दोन महिन्यांत त्या गेल्या. आईंनी बीपी कधी तपासलंच नव्हतं. झटका आला त्या दिवशी दवाखान्यात ते २१०/११० भरलं. तेव्हापासून ताई स्वतःची नोंद ठेवतात. मनगटावर स्मार्टवॉच, त्यात पावलं, नाडी, झोप. बीपी दिवसातून पाच-सहा वेळा, वजन सकाळ-संध्याकाळ, खाल्लेल्या प्रत्येक घासाच्या कॅलरी ॲपमध्ये. मध्यंतरी दंडाला शुगरचा सेन्सरही १४ दिवस लावून झाला. दहा हजार पावलं भरली नाहीत तर गुडघा दुखत असतानाही रात्री साडेदहाला हॉलमध्ये फेऱ्या होतात. घड्याळानं झोपेला कमी गुण दिले की शाळेत दिवसभर थकवा जाणवतो. सगळ्याचा आठ पानी तक्ता छापून त्यांनी डॉक्टरांपुढे ठेवला. डॉक्टरांनी तो न वाचता बाजूला सारला आणि “टेन्शन घेऊ नका” एवढंच सांगितलं. तो अपमान ताईंच्या मनात सलतो आहे. नवरा म्हणतो, ते घड्याळ एकदाचं काढून ठेव. १५ वर्षांची मुलगी आता तेच ॲप घेऊन भाकरीच्या कॅलरी मोजते. पुण्याचा धाकटा भाऊ मात्र कितीदा सांगूनही काहीच तपासत नाही. पत्रासोबत दिलेले आकडे असे: बीपी ११६/७४ ते १४८/९४ यांच्या दरम्यान, तीन महिन्यांची सरासरी शुगर ५.९, वजन ५८ किलो, उंची पाच फूट, बसल्या जागी नाडी ८८ च्या आसपास, “हिमोग्लोबिन ९.६, पण ते माझं पहिल्यापासून कमीच असतं, पाळीत खूप जातं म्हणून.” विचारणा अशी की मोजणं बंद करावं, की झोप जास्त अचूक मोजणारी महागडी अंगठी घ्यावी? “मी मोजणं थांबवलं आणि माझं आईसारखं झालं तर?”

ताई,

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्याच्यामागून आलेलं आहे.

आईंचं त्या दिवशीचं २१०/११० तुम्ही मनात कोरून ठेवलंय. पण झटका येतो तेव्हा त्या झटक्यामुळेही बीपी बरंच वर चढतं. त्यामुळे त्यांचं बीपी किती वर्षं वाढलेलं होतं, हे त्या एका आकड्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. ते आधीपासून वाढलेलं असण्याची शक्यता मोठी आहे, कारण अर्धांगवायूच्या टाळता येण्याजोग्या कारणांत उच्च रक्तदाब सगळ्यांत वरचा. तसं धरलं तरी आईंना गरज कशाची होती ते बघा. काही महिन्यांतून एकदा कुणीतरी दंडाला पट्टा बांधायचा, आकडा सतत वर निघाला तर डॉक्टरांनी गोळी सुरू करायची आणि ती गोळी रोज घेतली जातेय ना, हे घरच्यांनी बघायचं. तेवढंच. त्या पिढीतल्या बायका स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढत ती अंथरूण धरल्यावर. ती रीत तुम्ही घालून दिलेली नव्हती. तिचा दोष स्वतःकडे घेऊ नका.

आता तुमच्याकडे वळू. आईंच्या बाबतीत आकडा नव्हताच, तुमच्याकडे हजारो आहेत, आणि तरीही दोन्हीकडे एकच गोष्ट राहून गेली: कामाचा आकडा, त्यावर काही ठरवू शकणाऱ्या माणसापर्यंत पोहोचला नाही. जास्त मोजलं म्हणजे जास्त सुरक्षित, असं तुम्ही धरून चालला आहात. मला ते पटत नाही. कुणीतरी वाचावं आणि त्यावरून काहीतरी ठरावं, यासाठी नोंद ठेवायची असते. म्हणून प्रत्येक मोजमापाला आधी विचारायचं, की हा आकडा वर गेला तर मी काय वेगळं करणार आहे, आणि खाली आला तर काय? उत्तर नसेल तर ते मोजमाप तुम्हाला सांभाळत नाही, नुसतं जागं ठेवतं.

डॉक्टरांनी तक्त्यावर निदान नजर तरी टाकायला हवी होती. तुम्ही मेहनतीनं आणि भीतीपोटी केलेलं काम होतं ते, आणि “टेन्शन घेऊ नका” हे त्याचं उत्तर नव्हे. पण गर्दीच्या ओपीडीत एका पेशंटला मिळतात जेमतेम काही मिनिटं, आणि आठ पानांतून प्रश्न शोधून काढणं तेवढ्या वेळात कुणालाही जमणार नाही. पुढच्या वेळी एकच पान न्या. त्यावर काय असावं ते सांगते.

पहिलं बीपी. तुमचे आकडे ११६ ते १४८ असे पसरलेत, आणि यात घाबरण्यासारखं काही नाही. जिना चढल्यावर, वर्गात ओरडल्यावर, भांडणानंतर, चहानंतर बीपी वर जातं, झोपेत खाली येतं. दिवसातून सहा वेळा, हवं तेव्हा मोजलं तर तुम्ही हा चढउतारच टिपत राहणार. शिवाय आधीच्या आकड्याच्या धास्तीनं पुढचा आकडा वर येतो.

त्यापेक्षा एक आठवडा नेमानं मोजा. सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री झोपण्याआधी. चहा-कॉफी किंवा चालणं झालं असेल तर अर्धा तास जाऊ द्या, लघवीला जाऊन या, मग खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा. पाय जमिनीवर, एकमेकांवर न टाकलेले. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावरच बांधायचा. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून पट्टा बांधला तर दंड आवळला जाऊन आकडा चुकतो, म्हणून सैल बाहीचा कुर्ता किंवा गाऊन घाला. मोजताना बोलायचं नाही, मुलीला हाक मारायची नाही. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा, आवडले नाहीत तरी. पहिल्या दिवसाचे सोडून उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा. घरी मोजलेली ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर ते वाढलेलं बीपी धरतात. दवाखान्यातली रेषा १४०/९० आहे, कारण डॉक्टरांसमोर पुष्कळांचं बीपी थोडं चढतं. मशीन दंडाचंच हवं. ते एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या मशीनशी ताडून पाहा. पट्टा दंडाला लहान पडत असेल तर आकडा खोटाच वर येतो, तेही तेव्हाच कळेल. मनगटावरच्या घड्याळातल्या बीपीवर यातलं काहीच ठरवू नका.

आठवडा झाला की मशीन कपाटात. पुन्हा कधी काढायचं, महिन्यानं की तीन महिन्यांनी, ते डॉक्टरांना विचारून ठरवा. मधल्या काळात बीपी १८०/१२० च्या वर दिसलं आणि सोबत छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर थेट दवाखाना. आणि तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं यांपैकी काहीही दिसलं तर बीपी मोजत बसायचंच नाही. १०८ ला फोन करायचा आणि लक्षण नेमकं किती वाजता सुरू झालं ते लक्षात ठेवायचं. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत असणं तुमच्या सगळ्या तक्त्यांपेक्षा मोलाचं आहे.

आता ज्या आकड्याकडे मला तुमचं लक्ष ओढून घ्यायचं आहे, तो तुम्ही एका वाक्यात उरकलात. हिमोग्लोबिन ९.६.

बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया, आणि ९.६ म्हणजे मध्यम ॲनिमिया. आपल्याकडे निम्म्याहून अधिक बायकांना तो असतो, त्यामुळे “माझं पहिल्यापासून कमीच” हे इतकं ओळखीचं झालंय की रिपोर्टवर लाल अक्षरात आलं तरी कुणी थांबत नाही. ताई, तुमचा दिवसभराचा थकवा आणि बसल्या जागी ८८ ची नाडी, या दोन्हींचं कारण इथं असू शकतं. झोपेच्या गुणांत तुम्ही जे शोधताय ते कदाचित रक्तात आहे. आणखी एक, लोह कमी असलं की तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीए१सी, प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकते. तुमचं ५.९ हे ५.७ ते ६.४ या मधुमेहपूर्व पट्ट्यात पडतं, पण या ॲनिमियामुळे तो आकडासुद्धा पूर्ण भरवशाचा नाही. आपल्याकडे विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष बराच आढळतो. अशा रक्तदोषांतही ही तपासणी चुकू शकते. अशा वेळी उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली शुगर जास्त उपयोगी.

तेव्हा पानावर दुसरी ओळ ही: हिमोग्लोबिन आजवर किती किती आलं, साल घालून. पाळी किती दिवस चालते, पॅड किती तासांनी बदलावं लागतं, गाठी पडतात का, तेही लिहा. या वयात पाळीत फार रक्त जाण्यामागे गर्भाशयातल्या गाठींपासून थायरॉइडपर्यंत बरीच कारणं असतात आणि बहुतेकांवर उपाय आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. लोहाच्या गोळ्या मनानं सुरू करू नका, आधी कारण कळू द्या. तोवर जेवणाला जोडून चहा घेत असाल तर तो तास-दीड तास लांबवा, चहामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं.

शुगरबद्दल थोडक्यात. एचबीए१सी रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते. त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून ही तपासणी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करण्यात अर्थ नसतो. मधुमेहपूर्व अवस्थेत तर डॉक्टर बहुधा त्याहूनही मोठं अंतर ठेवतात. दंडावरचा सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, त्वचेखालच्या द्रवातली मोजतो आणि काही मिनिटं मागे असतो. रात्री त्या कुशीवर झोपलं की खोटाच कमी आकडा दाखवतो. इन्शुलिन घेणाऱ्यांना त्याचा मोठा आधार आहे. तुम्हाला तो पुन्हा लावायची गरज मला दिसत नाही. भात खाल्ल्यावर साखर वर जाऊन दोन-तीन तासांत खाली येणं हे शरीराचं नेहमीचं काम आहे.

वजनही दिवसात एखाद-दीड किलो इकडचं तिकडं होतं, पाणी, मीठ, पाळी, पोट साफ होणं यामुळे. वर्गात रोज दोनदा चाचणी घेतली तर मुलांचा अभ्यास होणार कधी, हे तुम्हाला सांगायला नको. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी. आणि वजनापेक्षाही शिवणाच्या टेपनं महिन्यातून एकदा पोटाचा घेर मोजा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा दोघांचाच फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. आपली माणसं काट्यावर सडपातळ भरतात आणि चरबी पोटात साठवतात. म्हणून आपल्या बायकांसाठी घेराची मर्यादा ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९०. उंचीच्या मानानं तुमचं वजन थोडं जास्त आहे, एवढं खरं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूनं २००६ मध्ये दाखवलं होतं, की मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांनी आहार आणि चालणं सुधारलं तर मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी होतं. तिथं उपयोगी पडलं ते चालणं आणि जेवण.

दहा हजार पावलांसाठी दुखरा गुडघा ओढत फिरणं आजपासून थांबवा. हा आकडा १९६५ मध्ये जपानात विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्रामुळे रूढ झाला, कुठल्या वैद्यकीय प्रयोगातून नव्हे. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १७ हजार स्त्रियांवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण लक्षणीय कमी होतं आणि ७,५०० च्या पुढे आणखी फायदा दिसला नाही. तुम्ही त्यांच्याहून तरुण आहात, तेव्हा तो आकडाही स्वतःवर लादू नका. आठवड्यात दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगानं चाला आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करा. तुमच्या गुडघ्याला त्याचीच जास्त गरज आहे. घड्याळानं दाखवलेल्या जळलेल्या कॅलरी तर पुसूनच टाका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ मध्ये मनगटावरची सात यंत्रं तपासली होती. बहुतेकांनी नाडी बऱ्यापैकी बरोबर मोजली, पण कॅलरींत सगळ्यांत चांगलं यंत्रही सरासरी २७ टक्के चुकलं.

झोपेचंही तसंच. झोपेच्या अवस्था खऱ्या अर्थानं कळतात त्या मेंदूच्या विद्युत लहरी मोजून. मनगटावरचं घड्याळ हालचालीवरून आणि नाडीवरून नुसता अंदाज बांधतं. अंगठीही तेच करते. झोप चांगली मोजली जावी या ध्यासानंच झोप उडालेले पेशंट अमेरिकेतल्या संशोधकांना दिसू लागले आणि २०१७ मध्ये त्यांनी त्या अवस्थेला ऑर्थोसोम्निया असं नाव दिलं. रात्री घड्याळ काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. सकाळी उठल्यावर स्वतःला विचारा, ताजंतवानं वाटतंय का? ते उत्तर पुरे. रात्री घाम येऊन जाग येत असेल किंवा तुम्ही फार घोरता असं घरचे सांगत असतील, तर ते मात्र डॉक्टरांच्या पानावर लिहा.

आता मुलीबद्दल. तुम्ही हे पत्राच्या मध्यात, जाता जाता लिहिलंय. मला ते तुमच्या बीपीपेक्षा जास्त तातडीचं वाटतं. पंधराव्या वर्षी हाडं भरत असतात, पाळी स्थिरावत असते. या वयात भाकरीचा आकडा झाला की काही मुलींची जेवणाशी जी तेढ बसते ती वर्षानुवर्षं सुटत नाही. तिचा मोबाइल हिसकावून घेऊ नका, व्याख्यानही नको. आधी तुमच्या मोबाइलमधून ते ॲप काढा आणि तिला सांगा, “मी काढलं, कारण त्यानं मला जेवण जेवणासारखं लागत नव्हतं.” त्या ॲपला तुमच्या घरची पोळी केवढी, भाजीत तेल किती, कुटाची मूठ केवढी, यातलं काही ठाऊक नसतं, हेही तिला दाखवा. रात्रीचं एक जेवण सगळ्यांनी मिळून, मोबाइल आणि वजनाची चर्चा न करता होऊ द्या. ती बारीक झाली म्हणून कुणी कौतुक केलं तर तिथंच विषय बदला. ती जेवण चुकवत असेल, एकटीच जेवत असेल, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जात असेल, पाळी लांबत असेल किंवा केस गळत असतील, तर वाट पाहू नका. बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथं मराठीत बोलता येतं, आणि तुमच्या धास्तीबद्दल तुम्हालाही बोलता येईल. डॉक्टरांकडे जाल तेव्हा तिचंही हिमोग्लोबिन करून घ्या. दोघी मिळून जाणं तिला बरं वाटेल.

यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. घड्याळ टाकून द्यायची गरज नाही, चालायला जाताना लावा, सूचना बंद ठेवा. फक्त ॲपना कुठल्या कुठल्या परवानग्या दिल्यात ते एकदा बघा, आणि तुमच्या किंवा मुलीच्या फिरण्याचा रस्ता सगळ्यांना दिसेल असा ठेवू नका. जपून ठेवायचं आहे ते वेगळं: लॅबचे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये, चालू औषधांची नावं आणि डोस, कुठल्या औषधाची ॲलर्जी, झालेली ऑपरेशनं, आणि घराण्यात कुणाला कुठल्या वयात काय झालं. आईंच्या झटक्याचं वय तिथं जाऊ द्या. मोबाइलवर हवं असेल तर १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे सरकारी आरोग्य खात्याचा क्रमांक, काढून रिपोर्ट त्याला जोडता येतात. ते ऐच्छिक आहे, पण दवाखाना किंवा गाव बदलणाऱ्यांना सोयीचं पडतं. फाइल कुठं आहे हे यजमानांना माहीत हवं.

अंगठी घेऊ नका. त्या पैशातला थोडा भाग तुमच्या आणि मुलीच्या तपासण्यांवर खर्च करा. उरलेल्यातून दंडाचं एक चांगलं बीपी मशीन घ्या आणि पुण्याला भावाकडे घेऊन जा. आई त्याचीही होती, चाळिशी त्याचीही आली आहे, आणि त्याच्याकडे आज एकही आकडा नाही. “तपासून घे” असं फोनवर सांगण्याऐवजी त्याला खुर्चीत बसवा, पाच मिनिटं गप्प बसायला लावा आणि तुमच्या हातानं त्याच्या दंडाला पट्टा बांधा. आकडा वर निघाला तर परतण्याआधी त्याची डॉक्टरांची वेळ घेऊनच निघा.